गदर पक्षाचं गाव, क्लॅट्सप काउंटीतलं

ओरेगनच्या वायव्य टोकाला, कोलंबिया नदी प्रशांत महासागराला मिळते तिथे क्लॅट्सप काउंटी आहे. पोर्टलंडहून गाडीनं दोनेक तास. आपली बहुतेक मंडळी कॅनन बीचला फोटो काढून परततात. माझी कळकळीची विनंती आहे, तिथून उत्तरेला अस्टोरियापर्यंत जा. 1913 मध्ये गदर पक्ष, म्हणजे भारतातली इंग्रजांची सत्ता उलथवायला निघालेल्या परदेशातल्या हिंदी लोकांचा पक्ष, तिथे स्थापन झाला.

तिथेच का? नदीमुळे. मुखाशी समुद्राच्या लाटा आणि नदीचा लोंढा समोरासमोर भिडतात. आजवर सुमारे 2000 जहाजं-होड्या तिथे बुडाल्या. पण एकदा आत शिरलं की बंदर, नदीत सॅमन आणि मागे डोंगरभर जंगल. 1811 मध्ये जॉन जेकब अ‍ॅस्टरच्या कंपनीनं फरच्या व्यापारासाठी ठाणं वसवलं. पुढे मासळी डबाबंद करणारे कारखाने आले, लाकूड कापणाऱ्या सॉ मिल आल्या आणि माणसं लागली. चिनी आले, फिनिश आले, मग पंजाबी. हॅमंड मिलमध्ये शीख, हिंदू, मुसलमान एकत्र राबत होते.

1907 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममधून गोऱ्या जमावानं असेच हिंदी मजूर हुसकून लावले होते. अस्टोरियातल्या फिनिश समाजवाद्यांनी मात्र हिंदी मजुरांच्या पक्षस्थापनेच्या सभेला आपला हॉल दिला. फिनलंड तेव्हा झारच्या ताब्यात होता. परक्या सत्तेखाली जगणं त्या लोकांना सांगावं लागलं नसणार, असं मला वाटतं. पक्षाचे अध्यक्ष झाले सोहनसिंग भकना. तेही सॉ मिलमधलेच मजूर. लाला हरदयाळ सरचिटणीस.

मी शिक्रापूरची. शेजारच्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला आले आणि याच पक्षात सामील झाले. मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले. 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना गदरचेच क्रांतिकारक कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही ओरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते आणि गदरच्या उभारणीत होते.

हॅमंड मिल 1922 मध्ये जळाली, मजूर पांगले. टेकडीवरच्या 1926 च्या स्तंभावर या भागाचा इतिहास चित्रांत रंगवलाय. त्यात खुष्कीनं प्रशांत महासागर गाठणारे अमेरिकन शोधप्रवासी लुईस-क्लार्क आहेत, आपले मजूर नाहीत. 2013 मध्ये अस्टोरियानं गदरची शताब्दी साजरी केली, याचा मला फार आनंद आहे. मुलांना लुईस-क्लार्कचा किल्ला दाखवायला न्याल, तेव्हा त्यांना पिंगळ्यांबद्दलही सांगा.