बीजिंग ते शियान: एकाच लोहमार्गावरचा चीन

चीनचा नकाशा पुढ्यात घेऊन बसले की शांघाय, ग्वेलिन, चंग्दू, ल्हासा, तुनहुआंग अशी नावे खुणावू लागतात आणि ती सगळी एकाच सुट्टीत बसवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. या देशाची रुंदी पाच कालविभागांत मावेल एवढी आहे, घड्याळ मात्र सर्वत्र बीजिंगचेच, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, चालते. एवढ्या पसाऱ्यात धावाधाव केली तर विमानतळच अधिक पाहून होतात. म्हणून नाशिकहून दिवाळीनंतर निघताना आम्ही एकच लोहमार्ग धरला. बीजिंगहून शिजियाझुआंग आणि लुओयांग करत शियानला पोहोचायचे आणि बीजिंगला माघारी न फिरता तिथूनच परतायचे, असा तो बेत होता. सुमारे बाराशे किलोमीटरच्या या पट्ट्यात चीनच्या अनेक प्राचीन राजधान्या आहेत, आणि मराठी माणसाला आपले वाटावे असेही बरेच काही आहे.

काळ निवडताना १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा कटाक्षाने टाळावा. त्यांच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत सारा देश प्रवासाला निघतो. चिनी नववर्ष आणि मे महिन्याचे पहिले दिवस यांचीही तीच गत. आपल्या दिवाळीनंतरचे दिवस या दृष्टीने सोयीचे पडतात. हवा कोरडी असते, गर्दी ओसरलेली असते. सकाळ-संध्याकाळच्या थंडीसाठी नाशिकच्या जानेवारीतले गरम कपडे मात्र पुरत नाहीत.

व्हिसाचे काम मुंबईतून होते, त्यासाठी निदान महिनाभर हाताशी ठेवावा. पासपोर्टाच्या कोऱ्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात, हे नाशिककरांना सांगायला नको. चीनमध्ये हीच पुस्तिका रेल्वेचे तिकीट, संग्रहालयाचा प्रवेश आणि हॉटेलातली नोंदणी अशी सगळी कामे करते. तिकिटे पासपोर्ट क्रमांकावरच निघतात, त्यामुळे आरक्षण करताना नाव आणि क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून घ्यावेत.

बीजिंगमधल्या राजवाड्याची, म्हणजे 'निषिद्ध नगरी'ची, तिकिटे भेटीच्या सात दिवस आधी तिथल्या रात्री आठ वाजता, अर्थात आपल्या सायंकाळी साडेपाचला, खुली होतात आणि सुट्ट्यांच्या काळात पाहता पाहता संपतात. सोमवारी राजवाडा बंद असतो. सन १४०६ ते १४२० या काळात उभारलेल्या या वास्तूत दक्षिणेच्या दारातून शिरून उत्तरेच्या दारातून बाहेर पडायचे असते. बाहेर पडताच समोर जिंगशानची टेकडी आहे. थकवा आला असला तरी ती चढावी, कारण पिवळ्या कौलांची ती अफाट रांग एका नजरेत फक्त तिथूनच सामावते. चीनच्या भिंतीसाठी बादालिंगपेक्षा मुतियान्यू निवडावे. ते शहरापासून सत्तरेक किलोमीटरवर आहे, तिथे गर्दी कमी असते आणि रोपवे असल्याने ज्येष्ठांनाही वर जाता येते.

खरा प्रवास बीजिंगच्या पश्चिम स्थानकावरून सुरू होतो. स्थानके विमानतळाएवढी मोठी असतात आणि सामानाची तपासणी कडक असते. सामानात भाजी चिरायची सुरी ठेवू नये आणि गाडीच्या वेळेआधी तासभर पोहोचावे. स्वयंचलित दारांवर भारतीय पासपोर्ट चालला नाही, तर कर्मचारी उभा असलेल्या दाराकडे वळावे. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. तिथले प्रवासी चहाची पाने घातलेली बाटली घेऊन उठतात, नळावर भरून आणतात आणि त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी टाकत ती तासन् तास पुरवतात. आम्ही त्याच नळावर तयार उपम्याची आणि पोह्यांची पाकिटे भिजवली. शाकाहारी कुटुंबाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

शिजियाझुआंग हे शहर पर्यटकांच्या यादीत नसते. बीजिंगहून द्रुतगती गाडीने ते तासा-सव्वा तासावर आहे. तिथल्या हुतात्मा स्मारक उद्यानात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला, रणभूमीवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच मरण पावला. सामान स्थानकावरच्या लगेज कक्षात ठेवून दोन-तीन तासांत हे स्थळ पाहता येते. महाराष्ट्रातून या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाने तिथे उतरावे, असे मला मनापासून वाटते.

लुओयांगला निदान दोन रात्री द्याव्यात. इ.स. ४९३ मध्ये उत्तर वेई राजवटीने राजधानी इथे हलवली आणि यी नदीकाठच्या चुनखडकात लाँगमेनच्या लेण्यांचे काम सुरू झाले. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढत वाढलेल्या माणसाला इथे निराळीच ओढ लागते. आपल्या काळ्या बेसाल्टमधली चोवीस लेणी सातवाहन-क्षत्रपांच्या दानलेखांसह उभी आहेत. इथे लहानमोठी दोन हजारांहून अधिक लेणी आणि कोनाडे आहेत आणि मूर्तींची संख्या लाखाच्या घरात जाते. सम्राज्ञी वू झतियानने देणगी दिलेली आणि इ.स. ६७५ मध्ये पूर्ण झालेली वैरोचन बुद्धाची मूर्ती १७ मीटरहून उंच आहे. एका लेण्यात बोटभर उंचीचे सुमारे पंधरा हजार बुद्ध भिंतीवर ओळीने कोरलेले आहेत. अनेक मूर्तींची शिरे चोरट्यांनी कापून नेली आहेत, ते पाहताना जीव कळवळतो. मुख्य लेणी पूर्वेकडे तोंड करून असल्याने सकाळी लवकर जावे, उन्हे थेट वैरोचनाच्या चेहऱ्यावर येतात. मग पूल ओलांडून पलीकडच्या काठावरून संपूर्ण डोंगर पाहावा.

याच शहराबाहेर श्वेताश्व मंदिर आहे. इ.स. ६८ मध्ये भारतातून आलेल्या भिक्षूंसाठी ते उभारले गेले, अशी परंपरा आहे. तिथल्या आवारात भारताने सांचीच्या धर्तीवर एक मंदिर बांधून दिले असून त्याचे उद्घाटन २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. चिनी आजी-आजोबा तिथे नातवंडांना घेऊन येतात आणि तोरणांवरचे हत्ती दाखवत उभे राहतात.

शियानला मातीच्या सैनिकांसाठी, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या भाजलेल्या मातीच्या पुतळ्यांसाठी, पूर्ण दिवस राखावा. विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना १९७४ मध्ये हे सैन्य सापडले. दार उघडताच आत शिरावे, दहानंतर कठड्यापाशी उभे राहायला जागा मिळत नाही. शहराच्या मिंगकालीन तटावर १३.७ किलोमीटरची फेरी भाड्याच्या सायकलने मारता येते. पण मला अधिक महत्त्वाचा वाटला तो 'मोठ्या रानहंसाचा' मनोरा. ह्यु-एन-त्संगाने भारतातून नेलेले ग्रंथ जतन करण्यासाठी तो इ.स. ६५२ मध्ये उभारला गेला. हा यात्रिक दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. महाराष्ट्रातले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशी नोंद त्याने केली. त्याने पाहिलेली राजधानी म्हणजे नाशिकच असावी, असेही काही अभ्यासकांचे मत आहे.

जेवणासाठी 'मी मांस, मासे, अंडी खात नाही' असे चिनी लिपीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. शियानमधली ल्यांगपी, म्हणजे व्हिनेगर आणि तिखट तेल घातलेल्या थंड शेवया, शाकाहारींना निर्धास्तपणे चालतात.

पैशांसाठी अलीपे या मोबाइलवरून पैसे देण्याच्या अ‍ॅपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवावे. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्यापुढे तीन टक्के लागते. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून रोमिंग चालू ठेवणे भाग आहे. रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगलही चालतात, हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. वुईचॅट या चिनी अ‍ॅपवर भारतात २०२० पासून बंदी असल्याने बेत त्याच्या भरवशावर आखू नये. थोडे युआन रोखही बाळगावेत. परतीच्या वाटेवर हाँगकाँग शहरात उतरायचे असेल, तर भारतीयांना लागणारी ऑनलाइन पूर्वनोंदणी मोफत आहे, ती नाशिकहून निघण्याआधीच करून तिची छापील प्रत पासपोर्टासोबत ठेवावी.