आमची वाटचाल : भाव दुसऱ्या बोलीवर ठरतो

जुने फिल्म कॅमेरे, लेन्स आणि त्यांचे सुटे भाग ऑनलाइन लिलावात विकणं हा आमच्या फर्मचा धंदा. सुरुवातीला हाती येणारा सगळा माल लिलावात जायचा. आज निवडक नग लिलावात जातात आणि बाकीचा माल ठरलेल्या किमतीला विकला जातो. हा बदल कसा होत गेला आणि कामाची पद्धत कशी बसत गेली, ते इथे लिहितो. नव्याने विक्रीत उतरणारे नेमकं हेच विचारतात, म्हणून तपशील जरा सढळ हाताने दिले आहेत.

आधी लिलावाचं गणित. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर बोली लावणारा आपली कमाल रक्कम नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवत जाते. समजा एका लेन्ससाठी एकाने कमाल १८० डॉलर टाकले आणि दुसऱ्याने १४०. लेन्स १४२.५० ला जाते, कारण १०० ते २४९.९९ डॉलरच्या टप्प्यात बोलीची पायरी अडीच डॉलरची आहे. पहिला १८० द्यायला तयार होता, पण त्याचा विक्रेत्याला काही उपयोग नाही. आता १४० वाला त्या आठवड्यात फिरकलाच नाही आणि त्याच्या खालचा माणूस ६० वर थांबणारा निघाला, तर तीच लेन्स ६१ डॉलरला सुटते. पैसे पहिला देतो, भाव दुसरा ठरवतो. अशा लिलावाचा सिद्धांत विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडला आणि १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्यासारख्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच : विक्रेत्याची सगळी मेहनत दुसरा गिऱ्हाईक यावा आणि शेवटपर्यंत टिकावा यासाठी असते.

त्यामुळे पहिला प्रश्न असतो तो या नगाला दोन गिऱ्हाईकं आहेत का, हा. उत्तर विकल्या गेलेल्या मालाच्या यादीत सापडतं. शोधताना 'विकलेले' हा फिल्टर लावायचा. नुसते 'संपलेले' पाहिले तर न खपलेल्या मालाचे आकडेही त्यात मिसळतात. चालू जाहिरातींतल्या किमती तर पाहूच नयेत, त्या विक्रेत्याच्या इच्छा असतात. साध्या शोधात साधारण ९० दिवसांचे व्यवहार दिसतात. प्रत्येक लिलावाच्या बोलींचा इतिहास उघडून वेगवेगळे बोली लावणारे किती होते ते मोजायचं. एकाच माणसाने सहा वेळा बोली चढवली असेल तर तो एकच गिऱ्हाईक. दर लिलावात चार-पाच वेगळी माणसं दिसत असतील तर अगदी खालच्या किमतीपासून सुरुवात करायला हरकत नाही. कमी सुरुवातीमुळे पाहणारे वाढतात आणि भाव आपोआप जागेवर येतो. एखाद-दुसराच दिसत असेल तर तो नग ठरलेल्या किमतीला लावावा आणि योग्य माणूस येईपर्यंत थांबावं. सुटे भाग, हूड, झाकणं, साधे फिल्टर हे सगळं आम्ही याच कारणाने लिलावातून काढलं. एका विशिष्ट मॉडेलचं बॅटरीचं झाकण ज्याला हवं असतं त्याला ते हवंच असतं, पण त्या आठवड्यात तसा दुसरा माणूस असेलच असं नाही.

गुप्त राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली नग सुटत नाही अशी न दाखवलेली रक्कम, हा मधला मार्ग वाटतो, पण आम्ही तो वापरत नाही. 'राखीव किंमत गाठलेली नाही' हे शब्द दिसले की निम्मे लोक पुढे सरकतात, आणि त्या सोयीचे वेगळे पैसेही मोजावे लागतात. नुकसान नको असेल तर ज्या किमतीला नग देणं परवडतं तीच सुरुवातीची बोली ठेवावी. लिलावासोबत 'लगेच खरेदी'ची किंमत देता येते, पण पहिली बोली पडताच ती सहसा नाहीशी होते हे लक्षात ठेवावं.

आता जिथे खरा वेळ जातो ते काम, तपासणी. गिऱ्हाईक माल हातात न घेता बोली लावतो. वर्णनातल्या प्रत्येक शंकेचे पैसे तो मनातल्या मनात वजा करतो, आणि दुसरा गिऱ्हाईक तर सर्वात आधी वजा करून निघून जातो. 'तपासलेला नाही, आहे तसा' असं लिहिलं की जाणकार तो नग बिघडलेलाच धरतो. म्हणून आमच्याकडे तपासणीच्या टेबलावरून गेल्याशिवाय काहीही जाहिरातीत जात नाही.

लेन्स असेल तर अपर्चर (प्रकाश आत सोडणारं, लहानमोठं होणारं भोक) पूर्ण उघडायचं, फोकस अनंतावर न्यायचा, मागच्या बाजूने टॉर्च लावायचा आणि पुढून तिरकं पाहायचं. काचेच्या कडेकडून आत शिरणारे बारीक धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधट थर दिसला तर वंगणाची वाफ काचेवर बसलेली असते. कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत, आणि ती दुरुस्ती सहसा परवडत नाही. धुळीचे चार कण फोटोवर काहीच परिणाम करत नाहीत, तरी लिहावेत, कारण टॉर्च गिऱ्हाईकाकडेही असतो. १९६० च्या दशकातल्या काही लेन्समध्ये थोरियमयुक्त काच आहे. ती कालांतराने पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. उतरवला असेल तर तेही लिहायचं. मग अपर्चरच्या पात्या : लीव्हर सोडताच झटकन मिटल्या पाहिजेत. रेंगाळल्या तर त्यांच्यावर तेल आलं आहे. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे जड, कुठे सैल लागते ते टिपून घ्यायचं.

कॅमेऱ्यात सर्वात आधी दगा देतात ते शटरचे संथ वेग. एक सेकंद, अर्धा, पाव हे कानाने कळतात. त्यापुढे फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रीकरण करायचं : १/६० ला शटर साधारण चार फ्रेम उघडं दिसलं पाहिजे. १/५०० आणि १/१००० यांना ही युक्ती पुरत नाही, तिथे मोजयंत्र लागतं. ते नसेल तर 'वरचे वेग चालतात, मोजलेले नाहीत' असं सरळ लिहावं. दाराच्या खोबणीतला फोम जुन्या कॅमेऱ्यांत चिकट काळा होऊन गळतो. बोट लावलं की डाग लागतो, म्हणजे फोम बदलायला झाला.

कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरबाबत मात्र भाषा तोलून वापरावी. साठ-सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल आता मिळत नाहीत. त्याच मापाचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्ट देतो आणि वापरासोबत त्याचा व्होल्टेज उतरत जातो. त्यामुळे काटा हलतो, पण आकडा चुकीचा दाखवतो. 'मीटर प्रकाशाला प्रतिसाद देतो' आणि 'मीटर अचूक आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याच्या जागी दुसरं लिहिलं की माल परत येतो.

आणखी एक काळजी. सोव्हिएत काळातल्या 'फेद' आणि 'झोर्की' कॅमेऱ्यांवर लायका या नामांकित जर्मन कंपनीचं नाव कोरून विकलेले नग बाजारात भरपूर आहेत. दिसायला ते हुबेहूब, कारण मुळात ते कॅमेरे लायकाच्या नमुन्यावरूनच बनवलेले. असा नग आम्ही शीर्षकातच नक्कल म्हणून लावतो. त्यालाही हौशी गिऱ्हाईक आहे आणि बोलीही येतात.

शीर्षकाला ईबे ८० अक्षरं देतं. त्यात कंपनी, मॉडेल, फोकल लेंग्थ, अपर्चर, माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसते तो जोड) आणि एका शब्दात स्थिती यायला हवी. 'अप्रतिम', 'दुर्मिळ', 'जरूर पाहा' असं टाइप करून कोणी शोधत नाही, त्यामुळे ते शब्द जागा अडवण्यापलीकडे काही करत नाहीत. माउंट तर कधीच गाळू नये. एम४२ स्क्रू माउंट शोधणारे असंख्य आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना लेन्स कुठल्या कंपनीची याच्याशी देणंघेणं नसतं.

फोटो खिडकीच्या मऊ उजेडात, राखाडी पार्श्वभूमीवर, फ्लॅशशिवाय काढावेत. फ्लॅश काचेवर परावर्तित होतो आणि नेमका डाग लपवतो, मग गिऱ्हाईकाला वाटतं मुद्दामच लपवला. लांब बाजू १६०० पिक्सेलची असली की मोठं करून नीट पाहता येतं. समोरून, मागून, टॉर्चच्या उजेडात, पात्या अर्ध्या मिटलेल्या, अनुक्रमांक, आणि प्रत्येक दोषाकडे पेनाचं टोक दाखवून जवळून. दोषाचा फोटो स्पष्ट असला की भाव पडतो असा समज आहे. आमच्याकडे नेमकं उलट दिसतं : दोष किती मोठा ते कळलं की लोक तेवढेच पैसे वजा करतात, नाहीतर अंदाजाने दुप्पट करतात.

लिलाव कधी संपवायचा? तो सुरू केलेल्या वेळेलाच संपतो, म्हणून सुरुवात गिऱ्हाईकाच्या घड्याळाकडे पाहून करावी. आपल्या नाही. रविवारची संध्याकाळ चांगली. गुरुवारी संध्याकाळी दहा दिवसांचा लिलाव लावला तर तो रविवारी संपतो आणि दोन शनिवार-रविवार पदरात पडतात. गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल तर तिच्या दोन किनाऱ्यांत तीन तासांचं अंतर आहे, आणि तिथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, तेव्हा वेळापत्रक पुन्हा तपासावं. सारखे दोन नग एकाच वेळी कधीही लावू नयेत. गिऱ्हाईकं वाटली जातात आणि दोन्हीकडे दुसरा माणूस गायब. पहिला संपला की दुसरा लावावा, हरलेले लोक तिकडे येतात.

शेवटच्या काही सेकंदांत बोली येतात याने नवे विक्रेते घाबरतात. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा अभ्यास सांगतो की हा नियमाचा परिणाम आहे : ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी बंद होतो, तर अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात उशिरा बोली आली की मुदत वाढायची, आणि तिथे असा शेवटच्या क्षणीचा मारा कमी दिसला. म्हणून सहाव्या दिवशी बोली कमी दिसली तरी लिलाव मागे घेऊ नये. बोलींपेक्षा 'पाहणारे' किती आहेत ते बघावं.

मित्राकडून बोली चढवून घेण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. ती फसवणूक आहे, खातं बंद होतं, आणि बऱ्याच वेळा नग त्या मित्राच्याच गळ्यात पडतो.

पॅकिंगमध्ये बिघाड कुठे होतो ते एकदा समजलं की नियम आपोआप ठरतात. लेन्स कॅमेऱ्यावर लावून पाठवली तर धक्क्याचा सगळा ताण माउंटवर येतो, म्हणून दोन्ही वेगळे, दोन्हीकडे झाकणं. फोकस अनंतावर, म्हणजे लेन्स सर्वात आखूड. शटर चढवलेलं नको. सेल काढलेला. मग बबल रॅप, आतला खोका, बाहेरचा खोका, मध्ये सगळीकडून ५ सेंटिमीटर भरण. बंद करून हलवायचं. काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायचं. पण खोका उगाच मोठाही नको, कारण आंतरराष्ट्रीय कुरिअर आकारमानाचं वजन धरतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची. ३० × २५ × २० चा खोका ३ किलो धरला जातो, आत ३०० ग्रॅमची लेन्स असली तरी. २० × १५ × १५ चा ०.९ किलोत बसतो. हे माप जाहिरात लावण्याआधी घ्यावं. पाठवणीचा दर अंदाजाने टाकला की नफा त्यातच जातो. शिवाय ईबेचं कमिशन पाठवणी धरून एकूण रकमेवर लागतं, त्यामुळे किंमत कमी आणि पाठवणी फुगवलेली, या जुन्या युक्तीत आता काही राहिलेलं नाही. कस्टमच्या कागदावर खरी किंमत. 'भेटवस्तू म्हणून दाखवा' अशी विनंती आली तर नम्रपणे नकार.

'माल वर्णनाप्रमाणे नाही' ही तक्रार ईबेवर माल पोहोचल्यापासून ३० दिवसांत करता येते, आणि 'परत घेतला जाणार नाही' असं लिहून ती टळत नाही. ती खरी ठरली तर परतीचा खर्चही विक्रेत्याचा. इथे टेबलावरच्या नोंदी आणि अनुक्रमांकाचे फोटो कामी येतात : परत आलेला नग तोच आहे का, हे आधी जुळवायचं. '२००८ पासून विक्रेत्याला गिऱ्हाईकाविषयी नकारात्मक शेरा देता येत नाही, मग आमचं काय' अशी कुरकुर अजून ऐकू येते. शेऱ्याने भांडण मिटत नव्हतंच. ट्रॅकिंग आणि ७५० डॉलर किंवा त्यावरच्या मालाला सहीची पोच, ही कागदपत्रं असली की बहुतेक वाद पहिल्याच उत्तरात संपतात.

जिंकणाऱ्याने पैसे दिलेच नाहीत तर चार दिवसांनी व्यवहार रद्द करता येतो. त्यानंतर हरलेल्याला त्याच्याच कमाल बोलीवर 'दुसरी संधी' पाठवण्याची सोय आहे. ती लगेच पाठवावी, कारण हरलेला माणूस आठवड्याभरात दुसरीकडून लेन्स घेऊन मोकळा होतो. त्याने नकार दिला तर नग पुन्हा लिलावात टाकण्याआधी पैसे न देणाऱ्याची बोली बाजूला काढून उरलेल्या बोली वाचाव्यात. दुसरा आणि तिसरा जवळजवळ असतील तर पुन्हा लिलाव. दोघांत मोठी दरी असेल तर आम्ही तो नग दुसऱ्या बोलीच्या जरा वरच्या ठरलेल्या किमतीला लावतो आणि सोबत 'किंमत सुचवा'ची सोय उघडी ठेवतो.