इंटेग्रिनचं डोकं, नोंद ४ : मणी सापडला

मी तारेनं इंटेग्रिनचं, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या पकड घेणाऱ्या प्रथिनाचं, मॉडेल करतेय. आज आरजीडी, म्हणजे ते पकडतं तो आर्जिनिन-ग्लायसिन-ॲस्पार्टेट असा तीन अमिनो आम्लांचा तुकडा, जागेवर बसला. तीन आठवडे नुसता लोंबकळत होता.

अल्फा-व्ही बीटा-३ या अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांच्या इंटेग्रिनचं सध्या फक्त डोकं करतेय, मांडी-पोटऱ्या म्हणजे खालचे भाग नंतर. प्रमाण तेच, १ अँगस्ट्रॉमला ५ मिलिमीटर. शेजारशेजारच्या अल्फा कार्बनमधलं (प्रत्येक अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनमधलं) अंतर ३.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे तारेवर दर १९ मिलिमीटरला एक वाक. प्रॉपेलरची, म्हणजे अल्फा साखळीच्या पंख्यासारख्या भागाची, ४३८ अमिनो आम्लं धरली की ८.३ मीटर तार जाते. सात पाती, प्रत्येकात चार पट्ट्या. एप्रिलात आमच्या पत्र्याच्या खोलीत गरम गोंद मऊ पडला आणि तिसरं पातं खाली आलं. तेव्हापासून सगळे जोड सुतानंच बांधते. शेजारच्या यंत्रमागवाल्या मामांनी चादरीचं उरलेलं सूत दिलं, शिवाय तुटलेला धागा जोडायची बारीक गाठही शिकवली. "ताई, गाठ बोटाला लागली तर ती चुकली समजा," म्हणाले. ती गाठ खरंच हाताला लागत नाही.

आता मूळ घोळ. मी १जेव्ही२ या फाइलमधली, स्फटिकांवरून काढलेली २००१ ची रचना उतरवत होते. ते स्फटिक कॅल्शियममधले, आणि त्यात बीटा साखळीवरची मिडास ही धातूचा आयन बसायची जागा रिकामीच आहे. आरजीडीतलं ॲस्पार्टेट ऋणभारित, मिडासच्या भोवतीची आम्लंही ऋणभारित. मधे धातू नसेल तर ते धरणार कशाला? अमीन अर्नाउट यांच्या गटानं २००२ मध्ये तेच स्फटिक मँगनीज आणि पाच अमिनो आम्लांच्या चक्री पेप्टाइडसोबत भिजवले, ती १एल५जी. तिच्यात मिडासवर मँगनीज आहे आणि ॲस्पार्टेटचा एक ऑक्सिजन थेट त्याला धरतो. मी चुकीची फाइल घेऊन बसले होते.

मँगनीजसाठी गड्ड्याच्या जत्रेतल्या माळेतला ८ मिलिमीटरचा लाल मणी घेतला. आयनाचा व्यास या प्रमाणात जवळजवळ तेवढाच येतो. सेरिन १२१, सेरिन १२३ आणि ग्लुटामेट २२० या तिघांची सुतं मण्याला बांधली, चौथं आरजीडीतल्या ॲस्पार्टेटचं. दुसऱ्या टोकाचं आर्जिनिन आपोआप प्रॉपेलरच्या खाचेत, ॲस्पार्टेट १५० आणि २१८ समोर गेलं. ग्लायसिन बरोबर दोन साखळ्यांच्या सांध्यावर आलं. ते बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

मग डी (ॲस्पार्टेट) काढून ई (ग्लुटामेट) लावून पाहिलं. ग्लुटामेट एका कार्बननं लांब, म्हणजे माझ्या तारेवर साधारण ७ मिलिमीटर जास्त. मण्याशी जुळवलं की आर्जिनिन खाचेतून वर येतं, आर्जिनिन दाबलं की मण्याचं सूत सैल पडतं. प्रयोगांत आरजीई पेप्टाइड न चिकटणारा नमुना म्हणून का वापरतात, ते बोटांना कळलं.

मिडासच्या दोन्ही बाजूंचे मणी अजून बसवायचे आहेत. माळेत तेवढे शिल्लक आहेत.