तुम्ही विचारलंत म्हणून : मुजरा म्हणजे नाच ना?

फेब्रुवारी आला की आमच्या नारायण पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात मंडळांच्या पोरांची गर्दी सुरू होते, १९ तारखेच्या फ्लेक्ससाठी, आणि मजकूर ठरलेला, महाराजांना मानाचा मुजरा. मग त्यातला एक जण हळूच विचारतोच, दादा, मुजरा म्हणजे तो पिक्चरमधला नाच ना, मग महाराजांच्या फोटोखाली कसं चालतं? हिंजवडीत त्यांच्याबरोबर काम करणारे हिंदीवाले हसतात म्हणे.

चालतं. बिनधास्त छापा.

सलामाचा मुजरा आधीचा, नाचाचा नंतरचा. शब्द मूळ अरबी, आला फारसीतून. आपण हुकूम जारी झाला म्हणतो ना, तो जारी आणि हा मुजरा एकाच धातूतले, वाहणं, चालू होणं असा काहीसा अर्थ. फारसी कारभारात मुजरा म्हणजे हिशोबात धरलेली, वळती केलेली रक्कम. आता रकमेवरून गडी दरबारात वाकायला कसा पोचला? माझा आपला अंदाज, की दरबारात जाऊन धन्याला सलाम केला की तुमची हजेरी धरली जायची, तेही एक प्रकारे हिशोबात येणंच. पुढे बड्या लोकांच्या बैठकीत गाणारी-नाचणारी पण आधी वाकून सलाम करायची आणि मग त्या सलामाचं नाव अख्ख्या मैफलीलाच चिकटलं, बाकीचं काम हिंदी पिक्चरनी केलं.

कुर्निसात पण तसाच, फक्त तो तुर्की, त्याच्या मुळाशी 'दिसणं' आहे, म्हणजे धन्यासमोर येणं. अकबराच्या दरबारातली पद्धत अबुल फजलने आइन-इ-अकबरीत लिहून ठेवलीये, कोर्निश, म्हणजे आपला कुर्निसात, यात उजवा तळहात कपाळाला लावून मान झुकवायची, आणि तस्लीम म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवायची, मग हळूहळू सरळ उभं राहत तळहात डोक्यावर न्यायचा, आणि मनसब म्हणजे दरबारी हुद्दा किंवा जहागीर मिळाली की हे तीनदा. आता आपला त्रिवार मुजरा बघा, कमरेत वाकून उजवा हात खाली न्यायचा आणि कपाळापर्यंत आणायचा. एकाच घराण्यातले वाटतात की नाही?

यावर एक काका म्हणाले, मग परका शब्द ना, काढून टाका. अहो, महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, 'पेशवा' या शब्दाचा 'मुख्य प्रधान' झाला, तरी मुजरा मराठी माणसाच्या तोंडून काही गेला नाही. तो आता आपलाच. उलट नाच हा अर्थ मराठीत बाहेरून आलाय.

फक्त एक करा, मुजरा त्रिवार असला तरी फ्लेक्सवर एकदाच लिहा, खाली तुम्हा सगळ्यांचे गॉगलवाले फोटो बसवायचे असतात मला.