पंपाला किती?

"साहेब, फवारणीच्या पंपाला औषध किती टाकू?" शेतकऱ्याचा एवढाच प्रश्न. उत्तर तोंडपाठ होतं, दिलंही. 10 लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे 20 लिटरच्या पंपाला 9. तरी दुपारपासून डोक्यात तेच घोळतंय. उत्तर चुकलं नव्हतं, अर्धं होतं.

कपाशीवर बोंडअळीसाठी इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के एसजी, म्हणजे पाण्यात विरघळणारं दाणेदार कीटकनाशक. लेबलवर हेक्टरी 190 ते 220 ग्रॅम, पाणी 500 लिटर. वरची मात्रा धरली तर एकरी 89 ग्रॅम आणि 200 लिटर पाणी, म्हणजे 10 पंप. पण वावरात 10 पंप मारतंय कोण? 6 पंपांत एकर उरकतात. मग 9 ग्रॅमच्या हिशोबाने एकरात गेलं 54 ग्रॅम. आठवड्याने ऐकायचं, "औषध लागू पडलं नाही." पुढच्या खेपेला मात्रा दुप्पट, जोडीला आणखी एक कीटकनाशक, वर टॉनिक. 2017 साली यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली. तेव्हापासून मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा हे ठासून सांगतो आपण. सांगायलाच हवं. पण डोस दुप्पट का होतो, हे प्रशिक्षणाच्या कुठल्या स्लाइडवर आहे?

प्रशिक्षणात अळीच्या सगळ्या अवस्था दाखवल्या. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री 8-8 पतंग आले की फवारणी, हेही पाठ. चहा, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. वावरात पंप पाठीला लावून चालायला कुणी लावलं नाही. आणि गावात आलं की पंचनामे, पोर्टल, फार्मर आयडी... जाऊ दे.

जुनी मंडळी 'प्रशिक्षण व भेट' पद्धतीच्या आठवणी काढतात. दर पंधरवड्याला वर्ग, पुढच्या दोन आठवड्यांत लागेल तेवढंच शिकवायचं, भेटीचा वार ठरलेला. निरोप तेव्हाही वरूनच यायचा. पण फवारणीचा निरोप फवारणीच्या दिवसांत यायचा.

पंपाला किती, याचं खरं उत्तर म्हणजे उलटा प्रश्न: तुमचे एकरी पंप किती लागतात? बहुतेकांना नक्की सांगता येत नाही. मोजायला काही लागत नाही. पंपात 10 लिटर साधं पाणी भरायचं, 33 बाय 33 फुटांचा एक गुंठा आखायचा, नेहमीच्या चालीने फवारायचं, उरलेलं पाणी मोजायचं. गुंठ्याला 5 लिटर गेलं तर एकरी 200. 3 लिटरच गेलं तर 120, म्हणजे तेच 6 पंप. मग चाल धीमी करायची, नोझल चोंदलंय का बघायचं, पुन्हा एक गुंठा. छातीइतक्या कपाशीत आतल्या बोंडांपर्यंत थेंब पोचायचा तर पाणी लागतंच. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं गणित वेगळं. तो कमी पाण्यात एकर संपवतो, तिथे 10 लिटरचं प्रमाण धरलं की फसलोच. तिथे एकरी मात्रेवरूनच यायचं.

आणि झाकण! अर्धा गाव झाकणाने मोजतो. झाकण मोजतं मिली, ही दाणेदार पावडर येते ग्रॅममध्ये. 10 मिलीचं झाकण भरलं म्हणजे 10 ग्रॅम झाले, असं नाही. त्यापेक्षा एकराची 89 ग्रॅम एकदाच वजन करून घ्यावी, औषधाच्या वेगळ्या बादलीत 5 लिटर पाण्यात विरघळवावी आणि दर पंपाला त्यातलं अर्धा लिटर टाकावं. हातमोजे घालून, दर वेळी काडीने ढवळून, त्याच दिवशी संपवून. 10 पंप, 10 मापं. बादली लवकर रिकामी झाली किंवा उरली, तर कुठे चुकलं ते तिथेच दिसतं.

शिकवलं नाही, शिकवलं नाही म्हणून किती दिवस कण्हायचं? एकराचे 40 गुंठे तर शाळेतच शिकवले होते. उद्या दोरी, अर्ध्या लिटरचं माप आणि छोटा वजनकाटा गाडीच्या डिकीत टाकायचा. पंचनाम्याचे कोरे फॉर्म काढले तर जागा होईल.