आईबाबा, सिगिश्वारा आणि पावणेदोनशे पायऱ्या

आधी उच्चाराचं बघू. स्पेलिंग वाचून मी पहिले सहा महिने ऑफिसात सिघिसोआरा सिघिसोआरा करत होते, शेवटी एका कलीगला माझी दया आली आणि त्याने सांगितलं की बाई, सिगिश्वारा म्हण. जर्मन लोक ह्याला शेसबुर्ग म्हणतात, हंगेरियन लोक शेगेशवार, म्हणजे एका गावाला तीन नावं आणि तिन्ही चालू. रोमानियाच्या ट्रान्सिल्वेनिया भागात हे कॉमन आहे. आम्ही इचलकरंजीची माणसं, बेळगाव की बेळगावी ह्यावर वाद ऐकत मोठे झालो, त्यामुळे मला ह्याचं जरा जास्तच कौतुक वाटतं.

तर जूनमध्ये आईबाबा आले होते. बाबांना एकच गोष्ट बघायची होती, ड्रॅक्युला. आम्ही ब्राशोवला राहतो त्यामुळे ब्रानचा किल्ला आधीच झाला होता, पण त्या किल्ल्याचा आणि ड्रॅक्युला ज्याच्या नावावरून आला त्या खऱ्या व्लाद राजाचा संबंध इतका ओढूनताणून लावलाय की बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हणजे इथे तो राहिलाच नाही?" मग काय, शुक्रवारी सुट्टी टाकली आणि निघालो त्याच्या जन्मगावी. ब्राशोवपासून साधारण १२० किलोमीटर, कारने दोन तास, वाटेत गावोगावी विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी, एवढी मोठी की आई प्रत्येक खांबाला "अगं हे बघ" करत होती. रुपेयाचा किल्ला लांबूनच दिसतो. मग सास्कीझ नावाचं खेडं लागतं, तिथल्या चर्चचा टॉवर सिगिश्वाराच्या टॉवरवरून बेतलेला आहे, त्यामुळे पोचायच्या आधीच झलक मिळते.

गाव लहान आहे, २४ हजारांच्या आसपास वस्ती. खाली मोठी तर्नावा नदी, तिच्या कडेने खालचं गाव, बाजार, स्टेशन वगैरे, पलीकडच्या काठावर ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल, आणि मधोमध टेकडीवर तटबंदीच्या आतलं जुनं गाव. १९९९ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. आता किल्ल्यात माणसं राहणं आपल्याला नवीन नाही, पण इथे खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, दाराशी सायकल, दोरीवर टॉवेल, आणि बाजूला चौदाव्या शतकातली भिंत, असं रोजचंच चाललेलं असतं. रस्ते गोट्यांचे. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि मी शहाणी सपाट तळाचे सँडल घालून गेलेले, पहिल्याच चढावर घसरून गुडघा फोडून घेतला. आईने साडीवर स्पोर्ट्स शूज घातले होते, ती मात्र टणाटण वर.

आता हे गाव वसवलं कोणी तर सॅक्सन लोकांनी. बाराव्या शतकात हंगेरीच्या राजाने, गेझा दुसरा त्याचं नाव, सरहद्द सांभाळायला आणि जमीन कसायला जर्मन बोलणारी माणसं बोलावली, ती आली ऱ्हाइन-मोझेलच्या बाजूने, पण नाव पडलं सॅक्सन ते पडलंच. १२८० च्या कागदात गावाचा उल्लेख सापडतो. सगळे कारागीर आणि व्यापारी. प्रत्येक धंद्याची आपली संघटना आणि प्रत्येक संघटनेकडे तटाचा एकेक बुरूज बांधायला आणि लढवायला दिलेला. म्हणजे आपल्या पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी असतात ना, तसं, फक्त इथे आळीच्या ऐवजी बुरूज. शिंप्यांचा, मोच्यांचा, खाटकांचा, लोहारांचा, दोर वळणाऱ्यांचा. एकूण १४ होते, आज ९ उरलेत. १६७६ च्या आगीत निम्मंअधिक गाव जळालं, शिंप्यांच्या बुरुजात बंदुकीची दारू साठवलेली होती, ती उडाली. बाबा यंत्रमागवाले असल्यामुळे शिंप्यांच्या बुरुजापाशी जरा जास्तच वेळ उभे राहिले.

सगळ्यात उंच तो घड्याळाचा टॉवर, ६४ मीटर. हा कुठल्याच धंद्याचा नाही, सगळ्या गावाचा, इथेच पंचायत बसायची. छपराच्या चार कोपऱ्यांवर चार छोटे मनोरे आहेत, त्याचा अर्थ ह्या गावाला देहदंड द्यायचा हक्क होता. घड्याळाच्या बाजूला लाकडी बाहुल्या आहेत, खालच्या गावाकडे तोंड केलेल्या सात, आठवड्याच्या सात दिवसांच्या, रोज रात्री बारा वाजता एक आत जाते आणि पुढची बाहेर येते. मी आईला समजावून सांगत होते की सोमवारची डायना म्हणजे चंद्रवाली, मंगळवारचा मार्स, बुधवारचा मर्क्युरी, मग ज्युपिटर, आणि आज शुक्रवार म्हणून ही व्हीनस. आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "म्हणजे सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्रच की गं! ह्यात नवीन काय?" खरंच काही नवीन नव्हतं. प्रत्येक बाहुलीच्या डोक्यावर त्या त्या ग्रहाची खूण सुद्धा आहे. मी तीनदा येऊन गेलेय ह्या गावात आणि मला हे कधी सुचलं नव्हतं.

टॉवरच्या आत १८९९ पासून म्युझियम आहे, अरुंद जिन्यांनी वर गेलं की गॅलरीत जगभरच्या शहरांच्या दिशा आणि अंतरं लिहिलेल्या पट्ट्या आहेत. इचलकरंजीची अर्थातच नव्हती, बाबांनी तरी शोधली.

बरं, ड्रॅक्युला. टॉवरच्या जवळच पिवळ्या रंगाचं घर आहे, व्लाद द्राकुलचं. ह्याला १४३१ मध्ये ऑर्डर ऑफ द ड्रॅगन नावाच्या सरदारांच्या मंडळात घेतलं म्हणून हा द्राकुल, म्हणजे ड्रॅगन, आणि द्राकुलचा मुलगा तो द्राकुलेया. मुलगा म्हणजे व्लाद त्सेपेश, लोकांना सुळावर चढवणारा. बाप इथे १४३१ ते १४३५ असा काय तो राहिला, मुलगा इथेच जन्मला असं मानतात. म्हणजे अंगणवाडीत जायच्या वयात गाव सोडलं. पुढे तो राजा झाला तो कार्पेथियन डोंगरांच्या पलीकडच्या वालाकिया नावाच्या राज्याचा. आणि रक्त पिणारा काउंट वगैरे १८९७ च्या इंग्रजी कादंबरीतला, तिचा लेखक ट्रान्सिल्वेनियात कधी आलाच नव्हता. पण दुकानात बघाल तर चहाचे मग, मॅग्नेट, टीशर्ट, दारूच्या बाटल्या, सगळ्यावर तोच. साताठशे वर्षं ज्यांनी गाव बांधलं त्या मोच्या-शिंप्यांचं एक मॅग्नेट नाही!

२००१ मध्ये तर सरकारने इथे ड्रॅक्युला पार्क काढायचं जाहीर केलं होतं. जागा कुठली, तर गावाच्या वरचं ब्रेइटे नावाचं पठार, जिथे शेकडो वर्षांचे जुने ओक आहेत. युनेस्को, पर्यावरणवाले, अगदी इंग्लंडचा तेव्हाचा राजपुत्र चार्ल्ससुद्धा विरोधात उतरला आणि ते बारगळलं. ओक अजून आहेत. बरंच झालं.

मग पायऱ्या. वरच्या टेकडीवर शाळा आहे आणि तिथे जायला १६४२ मध्ये लाकडी छपराचा जिना बांधला, का, तर पोरं पावसाबर्फात भिजू नयेत. आज १७५ पायऱ्या आहेत. आई जोतिबाला जाते तशी मोजत चढली आणि वर जाऊन म्हणाली, "पावणेदोनशे, बरोबर आहेत." आत अंधार, फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या, पायरीचा मधला भाग लाखो बुटांनी खोलगट झालेला. ह्याच शाळेत हर्मन ओबर्थ शिकला, रॉकेटशास्त्राच्या आद्य लोकांपैकी एक, १९२३ मध्ये त्याने रॉकेटने ग्रहांपर्यंत कसं जाता येईल ह्यावर पुस्तक काढलं. बाबा ह्यावर खूष, "हे नाही कोण सांगत!" म्हणाले.

शाळेच्या मागे चर्च आणि त्याच्या खाली उतारावर सॅक्सन लोकांची दफनभूमी. आयव्हीने झाकलेले दगड, जुन्या वळणाची जर्मन अक्षरं. पुण्यात मॅक्सम्युलर भवनला केलेलं जर्मन तेवढ्यापुरतं कामी आलं. नावाखाली धंदा लिहिलाय, सुतार, शिक्षक, व्यापारी. तीनचार पिढ्या एकाच दगडावर आणि मग पुढे काही नाही. कारण माणसंच उरली नाहीत. १९४५ च्या जानेवारीत रोमानियातल्या हजारो जर्मनांना मजुरीला सोव्हिएत युनियनमध्ये नेलं, नंतर हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजून लोकांना सोडवून न्यायची, आणि १९८९ ला तो पडल्यावर उरलेले बहुतेक सगळे गेले. शाळेत जर्मन माध्यम अजून आहे, पण वर्गात मुलं मुख्यतः रोमानियन. दफनभूमीच्या दाराशी दोर वळणाऱ्यांचा बुरूज आहे, नऊपैकी फक्त ह्यात अजून माणूस राहतो, दफनभूमीची राखण करणारा. खिडकीला पांढरा लेसचा पडदा होता. आई त्या पडद्याकडे बघत म्हणाली, "एकटंच असेल का गं?" मला काय माहीत.

खाली येऊन जेवलो. आई शाकाहारी, तिला मामालिगा मागवली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर चीज आणि आंबट साय. तिने बॅगेतून लसणाची चटणी काढली. लसूण, ड्रॅक्युलाच्या गावात! बाबा हसून हसून बेजार.

नंतर नदीकाठी बाकावर बसलो होतो. शेजारच्या बाकावर लांब फुलाफुलांच्या घागऱ्यातल्या दोन रोमा बायका. आई बाबांना म्हणाली, "अहो, जरा पाणी द्या." तर त्यातली एक वळली, "पानी?" आणि हसायलाच लागली. मग स्वतःच्या नाकाला हात लावून म्हणाली "नाख", कानाला लावून "कान". रोमा लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले हे मी वाचलेलं होतं, पण आई तिच्याबरोबर बोटांवर एक-दोन मोजत बसली, येख, दुय, त्रिन, तेव्हा जरा अंगावर काटा आला. जाताना आईने तिला आपल्याकडच्या चार चकल्या दिल्या.

ज्यांना जायचंय त्यांनी एक रात्र तरी राहा, संध्याकाळी टूरच्या बस गेल्या की गाव मोकळं होतं. बूट नीट घाला. वेळ असेल तर बिएर्तानचं तटबंदीचं चर्च तिथून फार लांब नाही.

आणि हो, बाबांनी एवढं सगळं ऐकून-बघून निघताना ड्रॅक्युलाचाच मग घेतला. आता इचलकरंजीत रोज सकाळी त्यातच चहा असतो.