सोलकढीचा रंग

मे महिन्यातली दुपार, महामार्गालगतची खानावळ, बांगड्याचं ताट आणि ताटाच्या कडेला स्टीलच्या पेल्यात सोलकढी. पेला उचलला आणि आधी दिसला तो रंग. असला गुलाबी रंग एरवी फक्त रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी कानामागे सापडतो. चव तशी बरी होती, लसूण होती, नारळही होता. पण आमसुलांच्या बरोबरीने बिटाचा एक तुकडा मिक्सरमध्ये फिरला होता, हे लपत नव्हतं. बिटाला मातीचा वास असतो, तो लसणीलाही पुरून उरतो.

खरी सोलकढी दिसायला गरीब. आमसुलं भिजवून केलेली असेल तर मळकट गुलाबी, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची असेल तर जराशी जांभळ्याकडे झुकलेली. गेल्या वर्षीच्या आमसुलांची असेल तर सरळ तपकिरीकडे. आणि तिन्ही फक्कड लागतात. पण फोटोत विटलेलं लुगडं कोणाला हवंय? रंगावरून एवढं मनाला लावून घेणं हा निव्वळ हट्ट आहे, मान्य. तरी पण.

कढी बिघडते कुठे, हे मात्र रंगापेक्षा जास्त कामाचं. चार माणसांना एक मध्यम नारळ घ्यावा. आमसुलं बारा-पंधरा, वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास. कोमट म्हणजे बोट बुडवलं तर चटकन काढावंसं वाटू नये इतपत. खोबऱ्यातही पाणी तसंच. कढत पाणी घालून मिक्सर सलग फिरवत ठेवला की खोबऱ्याचं तेल सुटतं, आणि कढी फ्रीजमध्ये गेली की वर पांढरे कण धरतात. ते टाळूला मेणासारखे चिकटतात आणि पिणारा उगाच नारळाला नावं ठेवतो. मिक्सर थांबत थांबत चालवावा. पहिलं दूध दाट, दुसरं पातळ, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. दोन पाकळ्या लसूण आणि अर्धी हिरवी मिरची ठेचून घालायची. मीठ शेवटी आणि चाखून, कारण आमसुलात ते आधीच आहे. आगळ वापरलं तर तीन-चार चमचे पुरतं आणि वरून मीठ बहुधा लागतच नाही. दूध आणि आमसुलाचं पाणी एकत्र करायचं ते पानं घ्यायच्या जरा आधी. सकाळी करून ठेवलेली कढी दुपारपर्यंत फुटते आणि लसूण चढते. गरम करायचा तर विचारही नको.

नारळ संपला असेल तर फुटी कढी. तेच पाणी, वर जिऱ्या-हिंगाची फोडणी, कोथिंबीर. तिचा रंग मात्र स्वच्छ लाल. रंग हवाच असेल तर तो तिथे आहे, बीट कशाला?

रंगाचं मूळ रातांब्यात, म्हणजे कोकमाच्या फळात. रत्नागिरीकडे रातांबा, गोव्याच्या दिशेला सरकलं की भिरंड, वाळलं की आमसूल, मालवणीत सोलां. झाडावर हिरवा, मग लाल, पुरता पिकला की काळपट जांभळा. आमसुलं करायला हा शेवटचाच हवा. लाल दिसला म्हणून तोडला की साल पातळ निघते आणि आमसूल फिकं होतं. झाडाच्या फांद्या ठिसूळ, त्यामुळे वर चढण्यापेक्षा घळ, म्हणजे जाळी बांधलेली काठी, बरी. खाली पडलेला रातांबाही चालतो, फक्त तो त्याच दिवशी उचललेला असावा. पिचलेला एकही रातांबा पाटीत गेला की तो सगळ्यांना बुरशी लावतो.

धुवायचे, पुसून कोरडे करायचे, मग दोन फाका. साली एकीकडे, बिया आणि गर दुसरीकडे. पातेलं ॲल्युमिनियमचं नको आणि कल्हई उडालेलं पितळेचं तर नकोच नको. आंबटपणा भांडं खातो आणि भांड्याची चव आमसुलात उतरते. चिनी मातीची बरणी उत्तम, प्लॅस्टिकचा टबही चालतो. दहा किलो सालींना अंदाजे एक ते दीड किलो खडे मीठ धरतात. ते गराच्या रसात विरघळवायचं. साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या खारट रसात, रात्रभर तिथेच, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे एक पूट. अशी पाच ते सात पुटं. रस संपेपर्यंत, किंवा ऊन संपेपर्यंत.

पहिल्या पुटाला साली नुसत्या सुकलेल्या फुलासारख्या दिसतात. तिसऱ्याला कडा आत वळतात. पाचव्याला त्या काळ्या पडतात, आणि नवख्या माणसाला वाटतं, बिघडलं. तिथेच तर ते जमलेलं असतं. हातात घेऊन वाकवलं तर वाकतं, मोडत नाही. बोटाला किंचित चिकटतं. उन्हाकडे धरलं तर कडेला गडद माणकासारखी एक रेघ दिसते, मधला भाग मात्र काळाच. एक आमसूल काचेच्या पेल्यात टाकावं आणि नुसतं बघत बसावं. सालीच्या घडीतून लाल धागा निघतो, तळाशी जातो, तिथे पसरतो, मग दुसरा. पाणी ढवळू नये. सुट्टीतल्या दुपारी करायला याहून चांगलं काम नाही.

मीठ कमी पडलं तर पावसाळ्यात पांढरी बुरशी. जास्त झालं तर अंगावर मिठाचे खडे फुलतात. ते वजनातही भरतात, हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. रात्री साली अंगणात राहिल्या तर दव खातात आणि दिवसभराचं ऊन फुकट. पुटं न देता नुसतीच वाळवलेली साल म्हणजे चामडं. आगळ काढून घेतलेल्या सालीही वाळवून विकता येतात. दिसायला तशाच, पण फिकट आणि हलक्या, आमटीत चार टाकल्या तरी आमटी गोडच. म्हणून घेताना वाकवून बघावं, आणि घेणाऱ्याने लाजू नये. घरी आणली की काचेच्या बरणीत दाबून भरायची. मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे जुलैत बरणीला घाम फुटतो. तो बिघाड नव्हे. ओला हात घातला तर मात्र बिघाड.

मिठावरून आठवलं. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला मिठागरं आहेत, आणि १९३० साली मिठाचा सत्याग्रह या शिरोड्यातही झाला. तिथून जवळच्या गावांत मे महिन्यात खळ्याखळ्यांतून, म्हणजे घरापुढच्या अंगणांतून, सोलां पसरलेली असतात. सत्याग्रहाच्या इतिहासात सोलांचा उल्लेख कोणी करत नाही, पण खारवणाऱ्या घराला मिठाचं मोल वेगळं सांगावं लागत नसणार.

ही खळी रेल्वेतून दिसत नाहीत. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते आहे, उपकार आहेत तिचे, पण तिच्यातून कोकण दिसतं ते दोन बोगद्यांच्या मधलं. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकच बोगदा साडेसहा किलोमीटरचा. कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरावं आणि लाल एसटी धरावी. खिडकी डाव्या बाजूची की उजव्या, यावर वाद घालू नये. रस्ता इतका वळतो की दोन्हीकडे सगळं येतं. शेणाने सारवलेलं खळं, मध्ये तुळस, तुळशीच्या एका अंगाला सोलां, दुसऱ्या अंगाला फणसाचे पापड, आणि ओट्यावर काठी घेऊन बसलेली म्हातारी. काठी कोंबड्यांसाठी. आमसुलं विकत घ्यायची तर अशा घरी विचारून घ्यावीत, नाहीतर आठवडा बाजारात. महामार्गावरच्या स्टॉलवर सरबताच्या बाटल्या घ्याव्यात वाटलं तर. त्यांचाही रंग बघावा.

सरबत घरी करणं मुळीच कठीण नाही. किलोभर सालींना दोन किलो साखर, बरणीत एक थर सालींचा, एक साखरेचा, वरचा थर साखरेचाच. बरणी आठवडाभर उन्हात, रोज कोरड्या पळीने हलवायची. साखर विरली नाही तोवर गाळायची घाई केली की तळाशी खडे राहतात आणि वरचं पातळ सरबत फसफसतं. गाळल्यावर जिरेपूड, चवीला मीठ. उरलेल्या साली फेकू नयेत, नुसत्या खायला मुरांब्यासारख्या लागतात.

रातांबे फोडायला मुलांना बसवतात. सुट्टीत घर भरलेलं असतं आणि हे काम सुरीनेही होतं, दातानेही. वरची टोपी कापायची, आत साखर भरायची, बोटाने ढवळायची आणि चोखायचं. गर आंबटगोड, साल नुसती आंबट. बी चोखून थुंकायची ती अंगणात नाही, टोपलीत. टोपलीवर आजीची नजर असते, कारण बियांचं तेल निघतं. पाचव्या रातांब्याला दात आंबतात, मग संध्याकाळची भाकरीसुद्धा चावत नाही. बोटं आठ दिवस जांभळी. सदऱ्यावर डाग पडला तर तो आधी नुसत्या पाण्यात धरावा. घाईने साबण लावला की लाल डाग निळसर करडा होतो. साबणाचा क्षार लागला की रातांब्याचा रंग पालटतो, एवढंच आहे ते, पण आईला ते पटवता येत नाही.

टोपलीतल्या बिया वाळवून कुटायच्या, कूट पाण्यात उकळायचं, वर तेल येतं ते काढून घ्यायचं. निवलं की घट्ट होतं आणि हाताने त्याचे गोळे वळतात. ऐन उन्हाळ्यातही हा गोळा सहसा वितळत नाही, अंगाच्या उबेला मऊ पडतो. टाचांच्या भेगांना त्यासारखं दुसरं काही नाही. रंग पांढरट पिवळा. एवढ्या लाल फळाच्या पोटात इतकं निर्विकार तेल!

आमटीत आमसूल कधी टाकावं, यावरून घराघरांत खटके उडतात. उत्तर एकच आहे: डाळ शिजल्यावर. आंबट आधी गेलं की डाळ आणि बटाटा दोन्ही हट्टाने कच्चे राहतात, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या करा. सुरणाला मात्र सुरुवातीपासून हवं, नाहीतर घसा खाजतो.

एवढं सगळं वाचून कोणी परसात रातांबा लावायला निघेल, म्हणून सांगणं भाग आहे. बी रुजवून लावू नये. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बियांपासून आलेल्या रोपांत अंदाजे निम्मे नर निघतात. फूल दिसायला सात-आठ वर्षं. तोवर आपण पाणी घालतो, आळं करतो, गुरांपासून जपतो, आणि आठव्या वर्षी कळतं. त्यापेक्षा कलम घ्यावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती रोपवाटिकांत मिळतात, फळ चार-पाच वर्षांत. पण कलम घेतानाही बघायचं ते एकच: काडी सरळ वर चाललेली आहे का. आडव्या फांदीची काडी वापरून बांधलेलं कलम जन्मभर आडवंच पसरतं, वेलासारखं, त्याचं झाड होत नाही. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, शेणखत, पावसाच्या सुरुवातीला लागवड, पहिली दोन वर्षं सावली आणि काठीचा आधार. जोडाच्या खालून फुटणारा प्रत्येक कोंब खुडायचा. तो राहिला तर वरचं कलम हळूहळू मरतं आणि उरतं ते खुंटाचं रानटी झाड, बहुधा नर. जास्त झाडं लावायची तर दोहोंत वीस फूट अंतर.

आणि नर झाड सापडलं की लोक ते तोडतात. फळ नाही, नुसती जागा अडवतो, तोडा. चुलीला लाकूड होतं. शेजारच्याचंही जातं, त्याच्या शेजारच्याचंही. मग काही वर्षांनी तक्रार सुरू होते की हल्ली रातांबा धरत नाही, फूल येतं आणि गळतं. बागेत दहा माद्यांमागे एक नर ठेवा, असं सांगतात. ठेवत कोणी नाही; प्रत्येकाला तो एक शेजाऱ्याच्या परसात हवा असतो.

मेअखेरचे दिवस. चौथं पूट देऊन झालंय, तीन अजून बाकी. समुद्राच्या अंगाला आभाळ सकाळपासून जड आहे, वारा पडला आहे. म्हातारी काठी टेकून ओट्यावरून उठते, एकदा वर बघते, आणि आतल्या चुलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडते, "पाऊस इलो! सोलां भायर हत गो!"